हँडब्रेक रिव्ह्यू : जुनं टीव्ही मटेरियल ऑनलाइन चॅनलवर चढवायचंय? पिक्सेलचं काम झकास, पुढचं थोडं हाताने

जुनी टीव्ही रेकॉर्डिंग, डीव्हीडी, डीव्ही टेपच्या फायली असलं मटेरियल ऑनलाइन चॅनलवर दाखवायचं असेल तर हँडब्रेक हे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारं फुकटातलं सगळ्यात सरळ सॉफ्टवेअर आहे असं माझं मत, आणि ते मत झालंय त्यातल्या एकाच टॅबमुळे, डायमेन्शन्स. बाकी एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारे) काय, सगळीकडे तेच असतात, एक्स२६४, एक्स२६५ आणि १.६ व्हर्जनपासून एव्ही१ पण. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे आणि १.० व्हर्जन यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला, म्हणजे यांना कसली घाई नाही. ऑडिओ, सबटायटल वगैरे ठीकठाक आहे, त्यावर लिहीत बसत नाही, इथे फक्त रिझोल्यूशन आणि पिक्सेलचा आकार.

आता मुळात भानगड काय ते आधी सांगतो, नाहीतर त्या टॅबवरचे आकडे बघून डोकं फिरेल. मोबाईल, कॉम्प्युटर, आजचे टीव्ही यांचा पिक्सेल चौरस असतो, जुन्या डिजिटल टीव्हीचा नसतो. पालचं (भारत-युरोपातली जुनी टीव्ही पद्धत) चित्र ७२० बाय ५७६ असं साठवलेलं असतं, भागाकार केला की १.२५ येतो आणि जुन्या पडद्याचा ४:३ (रुंदी:उंची) म्हणजे तर १.३३, त्यामुळे दाखवताना प्रत्येक पिक्सेल जरा रुंद करावा लागतो. आणि गंमत म्हणजे तेवढ्याच ७२० बाय ५७६ मध्ये १६:९ चा कार्यक्रम पण कोंबलेला असतो, तेव्हा पिक्सेल साधारण १.४ पट रुंद. एनटीएससीच्या (अमेरिका-जपानची जुनी पद्धत) ७२० बाय ४८० मध्ये ४:३ असेल तर उलटं, पिक्सेल उभट. सॅटेलाइटवरून रेकॉर्ड केलेलं असेल तर ५४४ बाय ५७६ सुद्धा निघतं. एचडी म्हणजे सुटका असंही नाही, एचडीव्ही कॅमेऱ्याची फाईल १४४० बाय १०८० असते आणि दाखवायची १९२० बाय १०८०. कुठला पिक्सेल किती ताणायचा ही माहिती फाईलमध्ये एका बारीकशा फ्लॅगमध्ये असते. प्लेअरने फ्लॅग वाचला तर माणसं माणसांसारखी दिसतात, नाही वाचला तर पालचे सगळे निवेदक उंच आणि सडपातळ.

घरात एकट्याने बघायचं असेल तर फ्लॅगवर विसंबून राहा, काही बिघडत नाही. पण चॅनल म्हटलं की तीच फाईल ब्राउझरमध्ये, ॲपमध्ये, टीव्हीला लावलेल्या डब्यात, कुणाच्या तरी वेबसाइटमध्ये घुसवलेल्या प्लेअरमध्ये चालणार, आणि यातला एक तरी फ्लॅगकडे ढुंकूनही बघत नाही हे गृहीत धरूनच चालावं. म्हणून पिक्सेल पहिल्याच पायरीला चौरस करून टाकायचा, पुढे कुणाच्या भरवशावर सोडायचा नाही.

हँडब्रेक इथेच आवडतं. डायमेन्शन्समध्ये खाली फायनल डायमेन्शन्स म्हणून भाग आहे, तिथे स्टोरेज साइज आणि डिस्प्ले साइज असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. हे दोन आकडे सारखे झाले की पिक्सेल चौरस, संपला विषय, डोक्यात अपूर्णांक घेऊन फिरायची गरज नाही. ॲनामॉर्फिक (चौरस नसलेल्या पिक्सेलची सेटिंग) ऑटोमॅटिक ठेवलं तर पिक्सेल जसा आहे तसा राहतो आणि फ्लॅग लागतो, नन केलं की चौरस. फक्त नन केल्यावर आकडे एकदा तपासाच, १६:९ चं पाल मटेरियल असेल तर १०२४ बाय ५७६ पाहिजे, आणि दिसत नसेल तर स्केल्ड साइजमध्ये स्वतः टाइप करा, अडलं तर अलाऊ अपस्केलिंगला टिक करा. उंचीच्या ५७६ ओळी कमी होऊ द्यायच्या नाहीत, खरा तपशील तिथे आहे, रुंदी वाढली तर वाढू दे.

४:३ पालचा पिक्सेल १६/१५ का १२/११ यावरून लोक अजून भांडतात. दोन्हीमागे कारण आहे, खरं चित्र ७२० पैकी मधल्या साधारण ७०४ मध्येच असतं, दोन्ही कडांचे आठ आठ पिक्सेल हे पदर म्हणून ठेवलेले. ७०४ ला १२/११ ने गुणलं की बरोब्बर ७६८, म्हणजे ७६८ बाय ५७६, स्वच्छ ४:३. सगळे ७२० धरले तर १६/१५ ने पण ७६८ च येतं. दोघांत फरक सव्वादोन टक्क्यांचा, चेहऱ्यावर कुणालाही कळत नाही, गोल लोगो किंवा भिंतीवरच्या घड्याळावर कळला तर कळला. ॲनालॉगवरून डिजिटल केलेलं असेल तर मी कडा कापून १२/११ च्या बाजूने, कारण त्या कडांना तसंही काळं आणि घाणच असते.

आता कापण्यावरून आठवलं, हँडब्रेकची सगळ्यात जास्त कौतुक होणारी गोष्ट चॅनलवाल्यांसाठी सगळ्यात धोक्याची आहे, ऑटोमॅटिक क्रॉप. काळ्या पट्ट्या शोधून आपोआप कापतं आणि एकट्या फाईलसाठी उत्तम कापतं. पण चोवीस तास चालणाऱ्या चॅनलला एकामागून एक फायली जोडायच्या असतात आणि प्रत्येक भागाच्या पट्ट्या थोड्या वेगळ्या, त्यामुळे एक भाग ७०४ बाय ५७२ निघतो, दुसरा ७१२ बाय ५७६, तिसऱ्यात सुरुवातीला अंधारा सीन जास्त असला तर आणखी तिसरंच काहीतरी. मग जोडताना प्लेआउट (फायली ओळीने चॅनलवर चालवणारं) सॉफ्टवेअर अडतं नाहीतर दर कार्यक्रमाला चित्र हलकेच उडी मारतं. चॅनलसाठी क्रॉप कस्टम करा, मालिकेच्या सगळ्या भागांना एकच आकडे, आणि जिथे कमी पडेल तिथे बॉर्डर्समधून काळी भर घालून अंतिम साइज एकच ठेवा. व्हीएचएसचं कॅप्चर असेल तर तळाशी फडफडणारी पट्टी असते, ती पण याच वेळी उडवा. बॉर्डर्सची ही सोय जुन्या व्हर्जनमध्ये नव्हती, तेव्हा वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं असेल तर आधी अपडेट.

४:३ च्या कार्यक्रमाला बाजूला काळ्या पट्ट्या जोडून १६:९ करावं का? चॅनलवर दोन्ही प्रकारचं मटेरियल मिसळून असेल तर करावं लागतं, इलाज नाही, काळ्या भागाला बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) जवळजवळ लागत नाही त्यामुळे नुकसान पण फार नाही. सगळंच ४:३ असेल तर अजिबात करू नका, पट्ट्या प्लेअर स्वतः घालतो. आणि ४:३ ला ताणून १६:९ करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

इंटरलेसचं, म्हणजे एक फ्रेम सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) साठवण्याचं प्रकरण रिझोल्यूशनएवढंच महत्त्वाचं आहे आणि इथे हँडब्रेकचा डीफॉल्ट चक्क अडचणीचा आहे. उघडल्या उघडल्या प्रीसेट (आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच) असतो फास्ट १०८०पी३०, म्हणजे फ्रेमरेट जास्तीत जास्त ३०. जुन्या पाल मटेरियलमध्ये सेकंदाला ५० फील्ड असतात, खेळ, नाच, खालून सरकणारी बातमीची पट्टी, हे सगळं त्या ५० मुळे गुळगुळीत दिसायचं. बॉब मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करत डीइंटरलेस केलं तर ५० च्या ५० पूर्ण फ्रेम मिळतात, पण प्रीसेट तसाच राहिला तर वर ३० ची कात्री बसते आणि हालचाल अडखळायला लागते. तेव्हा फिल्टर्समध्ये यादिफ किंवा नव्या व्हर्जनमधलं बीडब्ल्यूदिफ घ्या, प्रीसेट बॉब, आणि व्हिडिओ टॅबवर फ्रेमरेट स्वतः ५० करून टाका. आणि हे सगळं स्केलिंगच्या आधी व्हायला लागतं, ते हँडब्रेक बरोबर करतं, इंटरलेस चित्राची उंची आधी बदलली तर दोन्ही फील्ड एकमेकांत कायमची कालवली जातात आणि मग कुठलंच फिल्टर वाचवू शकत नाही. सिनेमाचं मटेरियल असेल तर बॉब नको, तिथे २५ पूर्ण फ्रेमच असतात.

बरं, पिक्सेल चौरस झाला, मग रिझोल्यूशन कुठलं कुठलं ठेवायचं? इथे हँडब्रेक हात वर करतं, रिझोल्यूशन लिमिटची यादी देतं आणि गप्प बसतं. स्ट्रीमिंगला एकच फाईल पुरत नाही, नेट हळू झालं की प्लेअर खालच्या साइजवर उतरतो, म्हणजे साइज आणि बिटरेटच्या पायऱ्यांचं अख्खं लॅडर लागतं. ॲपलच्या एचएलएसच्या (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत) मार्गदर्शनात एच.२६४ साठी १०८० ला ६००० आणि ७८०० किलोबिट, ७२० ला ३००० आणि ४५००, ५४० ला २०००, त्याखाली ७६८ बाय ४३२ आणि ६४० बाय ३६० असे आकडे आहेत, सुरुवातीला डोळे झाकून हेच घ्या. नेटफ्लिक्स पण आधी सगळ्यांना एकच ठरलेलं लॅडर लावायचं, खाली ३२० बाय २४० ला २३५ आणि वर १०८० ला ५८००, मग २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी प्रत्येक टायटलला वेगळं लॅडर करतो असं जाहीर केलं, कारण कार्टूनला कमी बिटरेट पुरतो आणि दाणेदार फिल्मला तोच अपुरा पडतो. आपल्याला तेवढं जमणार नाही पण धडा घेता येतो, १०८० मध्ये ७२० च्या सव्वादोन पट पिक्सेल असतात, तेव्हा २००० किलोबिटमध्ये १०८० कोंबण्यापेक्षा ५४० जास्त चांगलं दिसतं. चौकटी दिसणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षा किंचित मऊ लहान चित्र कधीही बरं.

आकडा निवडताना १६ ने भाग जातो का बघा, एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे तुकडे पाडतं. १६:९ साठी १०२४ बाय ५७६, ७६८ बाय ४३२, ५१२ बाय २८८ हे तिन्ही बरोबर बसतात, पाल वाइडस्क्रीनसाठी माझं लॅडर हेच, वर ७२० किंवा १०८० काही नाही कारण सोर्समध्ये तेवढं नाहीच. ४:३ ला ७६८ बाय ५७६, ६४० बाय ४८०, आणि खाली ३२० बाय २४०. ४८० ची १६:९ रुंदी ८५३.३३ येते, लोक ८५४ करतात किंवा ८४८, पण मला ती साइजच नको वाटते, ४३२ आहे ना. अर्थात १६ चा हट्ट फार धरू नका, १०८० ला पण १६ ने भाग जात नाही, आत १०८८ ओळी एन्कोड होऊन आठ कापल्या जातात आणि जग चाललंय. दोनने भाग जायलाच पाहिजे एवढं मात्र पक्कं. आणि लॅडरच्या सगळ्या पायऱ्यांचा आकार एकाच प्रमाणात ठेवा, नाहीतर नेट वरखाली झालं की चित्र आकसतं-फुगतं.

हँडब्रेकमध्ये एचएलएसचे तुकडे पाडता येत नाहीत, एका वेळी एका फाईलमधून एकच आउटपुट, एमपी४, एमकेव्ही नाहीतर वेबएम. प्रत्येक पायरीचा प्रीसेट सेव्ह करून क्यूमध्ये लावता येतं, ते बऱ्यापैकी सुखाचं आहे, पण सगळ्या पायऱ्यांच्या कीफ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम, जिथून तुकडा सुरू होऊ शकतो) एका जागी येण्यासाठी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या रिकाम्या चौकोनात कीइंट (दोन कीफ्रेममधलं अंतर) हाताने लिहावं लागतं, ५० फ्रेमला दोन सेकंदांचे १००, आणि सीन बदलला की मधेच कीफ्रेम टाकायची सवय पण तिथेच बंद करावी लागते. ही सोय बटणावर असायला हवी होती. मी तर हँडब्रेकमधून फक्त एक स्वच्छ, चौरस पिक्सेलची, ५० फ्रेमची जास्त क्वालिटीची मास्टर फाईल काढतो, आरएफ (क्वालिटीचा आकडा, जितका कमी तितकी चांगली) १६ च्या आसपास, आणि लॅडर व तुकडे एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवतो. तिथे कमांड लिहाव्या लागतात, पण मास्टर आधीच चौरस असल्यामुळे त्या कमांडमध्ये पिक्सेलचा एकही अपूर्णांक येत नाही, नुसती रुंदी, उंची आणि बिटरेट.