दिवा-पंखा वायफायवर घ्यायचाय: रिले मॉड्यूल, एसएसआर की तयार स्मार्ट स्विच?

घरातला दिवा मोबाईलवरून लावायचा ठरला की तीन वाटा समोर येतात. पहिली, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या आत मिळणारं निळ्या रिलेचं मॉड्यूल (रिले म्हणजे कमी व्होल्टेजने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) आणि सोबत ईएसपी, म्हणजे वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड. दुसरी, आवाज न करणारा सॉलिड स्टेट रिले, म्हणजे एसएसआर. तिसरी, स्विचबोर्डाच्या मागे बसणारं तयार स्मार्ट स्विच मॉड्यूल. दुकानात बहुतेक जण किंमत आणि अँपिअर विचारतात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: वस्तू टेबलावर राहणार की भिंतीत? टेबलावरच्या, डोळ्यांसमोरच्या प्रयोगाला रिले मॉड्यूल उत्तम. भिंतीत बंद करून विसरून जायचं असेल तर तयार मॉड्यूलच घ्या. एसएसआरची जागा या दोहोंच्या मधली आणि अरुंद आहे.

खरेदीआधी मेन स्विच बंद करून बोर्ड उघडून बघा, किंवा वायरमनला उघडायला सांगा. बहुतेक तयार मॉड्यूलना स्वतः चालू राहण्यासाठी न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, कारण त्याशिवाय सॉकेट चालत नाही. अडचण होते ती बाथरूमबाहेरच्या किंवा पलंगाशेजारच्या एकट्या बटणाला. तिथे फेज खाली येतो, एक वायर दिव्याकडे वर जाते आणि न्यूट्रल परस्पर छतात असतो. शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेऊ नका. दोन सर्किटं वेगवेगळ्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) असतील तर दोन्ही ट्रिप होत राहतील. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढून जगतात, आणि छोटे एलईडी दिवे त्यामुळे बंद असतानाही मंद पेटतात किंवा लुकलुकतात.

गिरगाव, परळ, दादरच्या जुन्या इमारतींत आणखी एक गोष्ट तपासा. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग हा नेम तिथे वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत मोडलेला असतो. काही ठिकाणी बटणच न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. आधी हे सुधारून घ्या, बाकी सगळं नंतर.

रिले मॉड्यूल

निळ्या डब्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. हा आकडा आतल्या संपर्कांचा आहे. मॉड्यूलवरच्या तांब्याच्या पट्ट्या, स्क्रू टर्मिनल आणि सोल्डरिंग तेवढं पेलतीलच असं नाही. मी अशा मॉड्यूलवर दोन-तीन अँपिअरपलीकडे जात नाही. घरगुती दिव्या-पंख्यांना तेवढं भरपूर होतं: ७५ वॅटचा साधा पंखा २३० व्होल्टवर अँपिअरच्या एकतृतीयांशाएवढाच घेतो.

मॉड्यूलवर ऑप्टोकपलर आहे म्हणून आपण २३० व्होल्टपासून सुरक्षित आहोत, असा समज फार पसरलेला आहे. ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल पोहोचवणारी छोटी चिप, फक्त ईएसपीची पिन आणि रिलेची कॉइल (संपर्क ओढणारं वेटोळं) यांना वेगळं ठेवतो, तेही जेडी-व्हीसीसी लिहिलेल्या पिनेवरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) काढून कॉइलला वेगळा सप्लाय दिला तरच. मेनपासूनचं, म्हणजे २३० व्होल्टपासूनचं, खरं अंतर रिलेच्या आत, कॉइल आणि संपर्कांमध्ये असतं, आणि खाली बोर्डावर. बोर्ड उलटा करून पाहा. या निळ्या रिलेची कॉमन पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते, म्हणजे २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट तिथे काही मिलिमीटरवर शेजारी नांदतात. चांगल्या मॉड्यूलमध्ये कॉमन पिनेभोवती बोर्डाला खाच कापलेली असते, स्वस्तातल्या कित्येकांत नसते. जुलैत मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत बोर्डावर सोल्डरिंगच्या फ्लक्सचा चिकट थर आणि धूळ राहिली की या काही मिलिमीटरांचा भरवसा कमी होतो. दुकानात दोन मॉड्यूल हातात घेऊन ही खाच शोधा. किमतीतल्या दहा-वीस रुपयांच्या फरकापेक्षा तिला जास्त महत्त्व द्या.

कॉइल ५ व्होल्टवर सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, त्यामुळे ती ईएसपीच्या ३.३ व्होल्ट पिनवर चालवू नका. सप्लायसाठी बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला जुना मोबाईल चार्जर उत्तम. कपॅसिटरने व्होल्टेज उतरवणारे उघडे सप्लाय बोर्ड अजिबात नकोत, त्यांच्या ५ व्होल्टच्या बाजूलाही मेन जिवंत असतो. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर २३० व्होल्टच्या जवळही आणू नका. मेनच्या बाजूला किमान १ चौरस मिलिमीटरची आयएसआय वायर, मॉड्यूल प्लास्टिकच्या बंद डब्यात, आणि फेजवर छोटा फ्यूज.

रिलेचा एक गुण मात्र बाकी दोघांत सहसा नाही. त्याला कॉमन, एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी जोडलेला) असे तीन संपर्क असतात. भिंतीवर टू-वे बटण बसवलं की जिन्याच्या वायरिंगसारखी जोडणी करता येते: बटणानेही दिवा लागतो, मोबाईलनेही. ईएसपी बंद पडला, वायफाय गेलं, तरी आजी-आजोबांना बटणावर दिवा लागतोच. उणीव एवढीच की दिवा खरोखर चालू आहे की बंद, हे ॲपला आपोआप कळत नाही. आणि लाईट जाऊन परत आली की ईएसपी सुरू होताना काही पिना क्षणभर वरखाली होतात, रिले टकटकतो. त्यासाठी पिन विचारपूर्वक निवडावी लागते.

एसएसआर

याचं आकर्षण शांतता. बेडरूममध्ये रात्री टक् आवाज नको असेल तर हा मोह होतो. मॉड्यूलवर बहुधा ओमरॉनचा जी३एमबी-२०२पी किंवा त्याची नक्कल असते. क्षमता २ अँपिअर, पण खालचीही मर्यादा आहे: ०.१ अँपिअरपेक्षा कमी लोडसाठी तो बनलेलाच नाही. ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ०.०४ अँपिअर घेतो. म्हणून बंद अवस्थेतही एसएसआरमधून झिरपणाऱ्या करंटने तो बल्ब अंधारात मंद पेटलेला दिसतो. पंख्याला मात्र हा चालतो, फक्त चालू-बंदसाठी. झिरो-क्रॉस प्रकारच्या (एसीची लहर शून्यावर असतानाच चालू होणाऱ्या) एसएसआरने पंख्याचा वेग कमी-जास्त करता येत नाही.

मोठे, पॅनेलवर बसणारे एसएसआर दर अँपिअरमागे वॅट-दीड वॅट उष्णता काढतात, हीटसिंकशिवाय त्यांच्यावरचा छापील आकडा निरर्थक ठरतो. आणि खराब होताना ते बहुतेकदा शॉर्ट होऊन चालूच राहतात. म्हणून गिझर किंवा इस्त्री एसएसआरवर टाकू नका.

तयार स्मार्ट स्विच

भिंतीत बसवायचं असेल तर मी याच्याच बाजूने आहे. आवरण बंद असतं, मेन आणि कमी व्होल्टेज यांच्यातलं अंतर आधीच आखलेलं असतं, आणि लाईट परत आल्यावर दिवा कोणत्या अवस्थेत यावा हे ठरवता येतं. पैसे जास्त जातात, पण ते या अंतरासाठीच जातात.

बसवताना इथल्या बोर्डांमध्ये एक घोळ नेहमी होतो. आपल्याकडे एका बटणावरून दुसऱ्यावर छोट्या वायरीने फेजचं लूप फिरवलेलं असतं. अनेक मॉड्यूलमध्ये जुनं बटण एस१-एस२ टर्मिनलला जोडायचं असतं, आणि तिथे फेज पोहोचला तर मॉड्यूल जळतं. ते बटण आधी लूपमधून मोकळं करून घ्या. अर्थात एस१-एस२ स्वतः मेनपासून सुटे नसतात, त्यामुळे तिथे कमी व्होल्टेजचं काही जोडू नका.

जागा हा दुसरा प्रश्न. जुन्या लाकडी किंवा पीव्हीसी बोर्डांच्या मागे खोली असते, पण कन्सील्ड वायरिंगचा लोखंडी डबा उथळ असतो आणि वायफायही अडवतो. ही मॉड्यूलं बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, हे राऊटर लावताना लक्षात ठेवा. आत टास्मोटा किंवा ईएसपी-होम हे मोफत सॉफ्टवेअर घालायची हौस असेल तर ते काम मॉड्यूल मेनपासून पूर्ण सुटं असतानाच करा. मेन जोडलेला असताना यूएसबी-सिरीयल वायर लावली तर २३० व्होल्ट लॅपटॉपपर्यंत पोहोचतात, आणि लॅपटॉपवर हात ठेवणाऱ्यापर्यंतही.

तिन्हींपैकी काहीच नको

एसी आणि रिमोटवाला बीएलडीसी पंखा यांच्या सप्लायमध्ये रिले घालायची गरजच नाही. ईएसपीला एक आयआर (इन्फ्रारेड) एलईडी आणि आयआर रिसीव्हर जोडा, मूळ रिमोटचे संदेश शिकवा, आणि तेच पाठवा. २३० व्होल्टला हातही लागत नाही, वेगही बदलता येतो, आणि एसीचा कॉम्प्रेसर अचानक तोडला जात नाही. हौशी माणसाने पहिला प्रकल्प हाच करावा असं मला मनापासून वाटतं.

गिझरचं गणित वेगळं. २ किलोवॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर, ३ किलोवॅटचा १३ अँपिअर घेतो. त्याला १६ अँपिअरचा प्रमाणित स्मार्ट प्लग, किंवा २५ अँपिअरचा काँटॅक्टर (जड लोडसाठीचा मोठा रिले) आणि त्याची कॉइल चालवायला छोटा रिले. काँटॅक्टर, एमसीबी, वायर यांसाठी लॅमिंग्टन रोडपेक्षा लोहार चाळीत जा. मेन पॅनेलमधलं काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. जुन्या किटकॅट फ्यूजवर चालणाऱ्या घरात तर स्मार्ट स्विचचे पैसे आधी आरसीसीबी आणि अर्थिंगवर खर्च करा, आणि बसवल्यावर त्यावरचं टेस्टचं बटण दर महिन्याला एकदा दाबून तो खरंच पडतो का ते बघत जा.