२५,६०० रुपयांचे लिलीचे कंद

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावातून हे लिहितेय. ज्यांची पाच-दहा गुंठे फुलशेती आहे, जे लग्नाच्या डेकोरेशनला फुलं पुरवतात किंवा ज्यांना घरापुढं लिली लावायची हौस आहे, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. कुणी तुम्हाला 'हॉलंडचे लिलीचे कंद' दाखवत असेल, तर पैसे द्यायच्या आधी वाचावं.

आमच्याकडं शेवंती, झेंडू आणि थोडी गुलछडी असते. जाऊबाई आणि मी, दोघी मिळून बघतो. फुलं परळीला जातात, योगेश्वरीच्या देवळाजवळच्या हारवाल्यांना जातात. गेल्या वर्षी लातूरला भाचीचं लग्न होतं. तिथं स्टेजवर मी लिलियम, म्हणजे ती महागडी 'हॉलंडची' लिली, पहिल्यांदा जवळून बघितलं. गुलाबी फूल, पाकळीला पांढरी कड, आत गडद ठिपके, आणि वास असा की मांडवात शिरल्याबरोबर कळावं. डेकोरेशनवाल्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "दहा काड्यांचा बंच हजाराच्या पुढं पडलाय काकू, तो पण पुण्याहून बसनं मागवला. आपल्याकडं कोण पिकवतंय?" परत येताना गाडीत तेच डोक्यात. आपल्याकडं कुणी पिकवत नाही, म्हणजे आपण पिकवावं.

दिवाळीनंतर जवळच्याच एका तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शन भरलं. तिथं एका स्टॉलवर तीच फुलं दिसली. स्टीलच्या दोन बादल्या भरून. मागं पॉलीहाऊसचे मोठे फोटो. स्टॉलवरचा माणूस चाळिशीतला, बोलायला गोड. लिलियमचे दोन प्रकार, एशियाटिक म्हणजे काय, ओरिएंटल म्हणजे काय, सगळं घडाघडा सांगत होता आणि त्यातलं बरंच खरं होतं, हे मला आता कळतंय. एशियाटिक लवकर फुलते, पिवळ्या, केशरी, लाल रंगात येते, पण तिला वास जवळजवळ नसतो. ओरिएंटलला वेळ लागतो, पण फूल मोठं आणि सुगंधी. बादलीतली गुलाबी स्टारगेझर, तिच्याशेजारी पांढरी कासाब्लँका, या दोन्ही ओरिएंटलच्याच जाती. नंतर तो म्हणाला की पॉलीहाऊसची काही गरज नाही, शेडनेट पुरे. काळ्या रानात जोमानं येते. एकदा लावलं की सात-आठ वर्षं बघायचं नाही. आणि निघालेला सगळा माल आम्हीच उचलतो. हे चारही मुद्दे खोटे होते.

कंद ३२ रुपयांना एक. ८०० कंद घेतले. २५,६०० रुपये झाले. त्यातले १५,००० बचत गटातून उचलले, बाकीचे शेवंतीचे. त्यानं पावती दिली, तिच्यावर लिहिलं, 'लिली कंद, नग ८००'. ती पावती मी घडी घालून पर्समध्ये ठेवली. तेव्हा तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

बारा दिवसांनी टेम्पोतून तीन गोणपाटं आली. ओसरीवर एक पोतं मोकळं केलं. आत्याबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. एक कंद उचलून त्यांनी हातात फिरवला, वरचं तपकिरी टरफल नखानं सोललं आणि म्हणाल्या, "कांदे कशाला आणलीस गं एवढे? हे तर आडाजवळल्या लिलीवानी दिसायलंय." आमच्या जुन्या आडाजवळ पांढऱ्या लिलीचं एक जुनं बेट आहे, लांब बारीक पाकळ्यांचं. मी म्हणलं, "नाही हो आत्याबाई, हे हॉलंडचं आहे." त्या गप्प बसल्या. मी त्यांचं ऐकलं नाही, हे मला अजून लागतं.

दोघींनी गादीवाफे केले, शेणखत घातलं, ठिबक अंथरलं. तीन आठवड्यांत कोंब आले. पट्ट्यासारखी हिरवीगार पानं, जमिनीतूनच चहूबाजूंनी बाहेर पडलेली. मधला दांडा कुठंच नाही. फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "ताई, ओरिएंटलला आधी पानंच येतात, दांडा नंतर. घाई करू नका." म्हणून आणखी दीड महिना पाणी दिलं, खत दिलं. तोवर भाचीच्या सासरकडच्या ओळखीतले, लातूरला कृषी महाविद्यालयात उद्यानविद्या शिकवणारे एक सर कामानिमित्त आमच्या भागात आले होते. ह्यांनी त्यांना रानात आणलं.

सरांनी काही न बोलता एक कंद उपटला, माती झटकली आणि चाकूनं आडवा कापला. आत कांद्यासारखी गोल-गोल वलयं. मग त्यांनी मोबाइलवर खऱ्या लिलियमच्या कंदाचा फोटो दाखवला. त्याला वरचं टरफलच नसतं. जाडसर पांढरट खवले असतात, मिटलेल्या कमळासारखे एकावर एक बसलेले, आणि एकेक खवला बोटानं सुटा होतो. म्हणाले, "लिलियमच्या कंदातून एकच सरळ दांडा येतो, त्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत पानं असतात आणि शेंड्याला कळ्या. तुमची ही स्पायडर लिली आहे. नवीन वर्गीकरणात कांदा आणि ही लिली एकाच कुळात धरतात." आत्याबाई तिथंच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

त्या माणसाला त्याच दिवशी फोन लावला. चार वेळा उचलला नाही. पाचव्यांदा उचलला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, मी लिली म्हणून दिली आणि लिलीच दिली. पावती बघा." पर्समधून पावती काढली. 'लिली कंद, नग ८००'. त्यावर लिलियम नव्हतं, ओरिएंटल नव्हतं, स्टारगेझर नव्हतं, हॉलंड नव्हतं. स्टॉलवर तासभर बोललेल्या नावांपैकी एक नाव कागदावर नव्हतं.

ही सगळी फसवणूक एका शब्दावर उभी आहे. आपल्या फुलबाजारात 'लिली' म्हटलं की स्पायडर लिलीच्या पांढऱ्या कळ्या, ज्यांचे हार-गजरे होतात. पुण्याच्या बाजारभावात बघा, 'लिली बंडल' वेगळं छापतात आणि 'लिलियम, १० काड्या' वेगळं. एकीचा भाव दहा-वीस रुपयांच्या आसपास खेळतो, दुसरीचा शेकड्यांत. पण बोलताना दोन्हींना लिलीच म्हणतात. त्यात भर म्हणजे नावात लिली असलेली झाडं ढीगभर आहेत आणि त्यांचा खऱ्या लिलीशी जवळचा संबंध नाही. घरात कुंडीत ठेवतो ती पीस लिली, बुकेतली गुंडाळलेल्या पाकळीची कॅला लिली, या दोन्ही अळूच्या कुळातल्या. तळ्यातली वॉटर लिली आणखी वेगळी. पहिल्या पावसानंतर रातोरात उगवणारी गुलाबी-पांढरी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली, एकेक दिवस टिकणाऱ्या फुलांची डे लिली, या सगळ्या वेगवेगळ्या. कळलावीला 'ग्लोरिओसा लिली' म्हणून महाग विकतात. तिचा कंद अत्यंत विषारी आहे, पोराबाळांच्या घरात सांभाळून. आणि आमच्या ओसरीवर होते त्या स्पायडर लिलीच्या कंदानंही उलट्या होतात, तेव्हा कांदा समजून कुणी चुलीजवळ ठेवू नये.

ही झाडं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. उलट आपल्या उन्हात, आपल्या काळ्या मातीत, बोअरच्या पाण्यावर घरापुढं बाग करायची असेल तर रेन लिली, स्पायडर लिली, नागदवणा हीच टिकतात. पण त्यांचे कंद शेजारणीकडून मूठभर मागून आणता येतात. त्यांचे ३२ रुपये कुणी घेऊ नयेत, आणि स्टारगेझर दाखवून तर नाहीच नाही.

खऱ्या लिलियमबद्दल सरांनी जे सांगितलं, ते मला आधी माहीत असतं तर मी त्या स्टॉलवर दोन मिनिटांत ओळखलं असतं. स्टारगेझर ही जात १९७४ साली कॅलिफोर्नियात लेस्ली वुड्रिफ यांनी तयार केली. त्याआधी ओरिएंटल लिलीची फुलं खाली मान घालायची, ही वर आकाशाकडं बघते, म्हणून ते नाव. लिलियम मूळचं थंड मुलखातलं. आपल्या देशात हिमाचलात लाहौलसारख्या ठिकाणी त्याची शेती होते. महाराष्ट्रात ते बहुतेक पॉलीहाऊसमध्ये घेतात. कंदाला फुटण्याआधी काही आठवडे थंडी मिळावी लागते, म्हणून विकणारे तो शीतगृहातून देतात. तसा कंद आपल्याकडं ऐन हिवाळ्यात, सावलीत, निचऱ्याच्या मातीत लावला तर एकदा फुलतो. नंतर आपल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात तो कंद पुढच्या वर्षी तसाच जोमात फुलेल, ही आशा धरू नये. म्हणजे 'एकदा लावा, सात-आठ वर्षं बघू नका' हे वाक्य ऐकलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. काळ्या रानात पाणी धरून राहतं आणि कंद सडतो, म्हणून लिलियमवाले नारळाच्या भुशाचे वाफे करतात. कंद बऱ्यापैकी खोल पुरावा लागतो, कारण कंदाच्या वर, दांड्यालाच मुळं फुटतात.

आणि कंद येतो कसा, हे तर नक्की लक्षात ठेवा. उघडे खवले असल्यामुळं तो वाळून चालत नाही. म्हणून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, ओलसर भुशात, भोकं पाडलेल्या प्लास्टिकमध्ये येतो. क्रेटवर लेबल असतं, त्यावर जातीचं नाव, नगांची संख्या, कंदाच्या घेराचं माप, म्हणजे १४/१६ किंवा १६/१८ सेंटिमीटर असं. घेर मोठा तेवढ्या कळ्या जास्त. बाहेरदेशातून आला असेल तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला, लागतं, त्याची प्रत मागता येते. माझे कंद कोरड्या गोणपाटात आले होते, कांद्या-बटाट्यासारखे. मी ते हातानं ओतले आणि तरी मला शंका आली नाही.

माझ्या पुतण्याचंही सांगते. त्यानं मोबाइलवर जाहिरात बघून 'निळ्या लिलीचं बी' २९९ रुपयांना मागवलं. काळं बारीक काहीतरी आलं, त्यातून तण उगवलं. सर म्हणाले, लिलियममध्ये निळं रंगद्रव्यच नाही. पांढरा, गुलाबी, पिवळा, केशरी, लाल एवढेच, निळं दिसलं तर रंगवलेलं. शिवाय बियापासून लावलेल्या बहुतेक लिल्यांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याचे २९९ गेले, पण अशा लहान रकमा कुणी तक्रार करत नाही म्हणूनच तो धंदा चालतो.

आम्ही तक्रार केली. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर. नंतर बीडला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज दिला. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकिलानं पहिला प्रश्न विचारला, "स्टॉलवर लावलेल्या बोर्डाचा, बादलीचा फोटो आहे का?" तेवढा एक होता, जाऊबाईंनी हौसेनं काढलेला सेल्फी. त्यात मागं 'ओरिएंटल लिलियम, हमखास परतखरेदी' असं अर्धवट दिसतं. आज आमच्या बाजूनं तोच एक पुरावा आहे. गोणपाटं मी शेणखत भरायला वापरून टाकली. त्यावर कुठल्या गावाचा शिक्का होता, हे आता आठवत नाही. पैसे रोख दिले होते, तिथंही चुकलं. टेम्पोवाल्याचा नंबर मात्र निघाला, त्याचा उपयोग होतोय. सुनावणी अजून व्हायचीय. गटाचा हप्ता दर महिन्याला जातोच आहे.

वाफ्यातली ती लिली काढून टाकली नाही. श्रावणात कळ्या आल्या, परळीला गेल्या. पण जे पीक आडाजवळ फुकट उगवतं त्यासाठी ठिबक, शेडनेट आणि व्याज असा खर्च केलाय, त्याचा मेळ बसत नाही.

परवा केजकडच्या एका बाईचा फोन आला. नंबर बचत गटातून मिळाला म्हणाली. तिच्या गावाजवळ तसाच स्टॉल लागलाय, तिला ३०० कंद घ्यायचेत. मी तिला म्हणलं, त्याला तिथंच एक कंद आडवा कापायला लाव. पावतीवर 'लिलियम' लिही म्हण, जात लिही म्हण, घेराचं माप लिही म्हण. पैसे फोनवरून दे, रोख नको. बोर्डाचा फोटो काढ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, बादलीतली फुलं तर खरी आहेत, मी वास घेतला."

मी म्हणलं, हो, फुलं खरीच असतात. माझ्या वेळची पण खरी होती. तो ती पुण्याहून विकत आणतो.