खानदेशातील डिझेल पिकअपसाठी इंजिन ऑइल: मिनरल घ्यावे की सिंथेटिक?

रावेर-सावदा पट्ट्यात केळीची भाडी करणाऱ्या पिकअपच्या मालकाला ऑइलच्या दुकानात उभे राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो भावाचा. एका बाजूला मिनरल, म्हणजे कच्च्या खनिज तेलातून गाळलेल्या, ऑइलचा डबा असतो, दुसऱ्या बाजूला जवळपास दुप्पट भावाचा सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने तयार केलेल्या ऑइलचा, असतो, आणि दुकानदार सांगतो की महागाचे टाकले म्हणजे इंजिनचे काम लवकर निघणार नाही. हे विधान काही गाड्यांच्या बाबतीत खरे आहे आणि बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत अपुरे आहे. माझ्या अनुभवात इंजिनचे आयुष्य डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दापेक्षा तीन गोष्टींवर अधिक ठरते: ऑइल इंजिनच्या पिढीला जुळणारे आहे का, ते वेळेवर बदलले जाते का, आणि इंजिनमध्ये धूळ जाते का.

तुलनेची सुरुवात गाडीच्या वर्षापासून करावी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. त्याआधीच्या गाड्यांना हा फिल्टर सहसा नाही. या एका फरकामुळे ऑइलची निवड दोन वेगळ्या वाटांनी जाते.

जुन्या बीएस-३ आणि बीएस-४ इंजिनांसाठी बाजारात सर्वाधिक चालते ते एपीआय या अमेरिकी संस्थेच्या सीआय-४ प्लस दर्जाचे १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा ग्रेड) ऑइल. सीआय-४ हा दर्जा २००२ चा आहे. त्या काळी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे आणि ते जळून तयार होणारे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षारीय द्रव्ये भरपूर घातली जात. ती द्रव्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची असतात आणि थोडे ऑइल जळतेच, त्यामुळे त्यांची राख मागे राहते. उघड्या सायलेन्सरच्या गाडीतून ती धुराबरोबर निघून जाते, म्हणून जुन्या गाडीला त्याचा त्रास नाही. डीपीएफच्या गाडीत मात्र ती फिल्टरमध्ये अडकते. फिल्टरमध्ये साठलेली काजळी इंजिन स्वतः तापमान वाढवून जाळून टाकते, पण राख जळत नाही. चुलीत लाकूड जळून जाते आणि राख उरते, तसाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की ही चूल रोज झाडता येत नाही. म्हणून बीएस-६ गाडीला कमी राखेचेच ऑइल लागते. २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ दर्जात राखेचे प्रमाण जास्तीत जास्त १ टक्का आहे आणि हलक्या डिझेल इंजिनांसाठीच्या एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या सी२, सी३ या दर्जांत ते ०.८ टक्क्यांपर्यंतच ठेवलेले आहे.

ही निवड एकाच दिशेने माफी देते. सीके-४ ऑइल सीआय-४ मागणाऱ्या जुन्या इंजिनात टाकता येते. आता पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत १० भागांहून अधिक नसते, त्यामुळे जुन्या ऑइलइतक्या क्षाराची गरजही उरलेली नाही. उलट दिशेने, म्हणजे डीपीएफच्या गाडीत घरात उरलेले सीआय-४ टाकणे, हे पाचशे रुपये वाचवून फिल्टरचा मोठा खर्च ओढवून घेणे आहे. ज्यांच्या अंगणात एक जुनी आणि एक नवी अशा दोन पिकअप उभ्या असतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आता ग्रेडविषयी, म्हणजे ऑइलच्या जाडीविषयी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल टाकावे असे अनेक मिस्त्री मनापासून सांगतात. त्यामागची काळजी खरी आहे, पण चालू इंजिनमधले ऑइल हिवाळ्यातही शंभर अंशांच्या आसपास तापतेच आणि ग्रेडमधला दुसरा आकडा त्याच तापमानाला मोजलेल्या जाडीचा असतो. बाहेरच्या १०-१५ अंशांच्या फरकापेक्षा घाटात भरल्या गाडीवर पडणारा भार अधिक महत्त्वाचा आहे. चाळीसगावहून औट्रम घाट चढताना बेअरिंगमध्ये ऑइलचा थर दाबला जातो. त्या उष्ण आणि दाबाच्या स्थितीत १५डब्ल्यू-४० ऑइलच्या जाडीचा किमान निकष ३.७ मिलिपास्कल-सेकंद आहे, तर ३० ग्रेडचा २.९. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दोन्ही ग्रेड चालतात असे लिहिले असेल आणि गाडी सतत पूर्ण भाराने घाटात जात असेल, तर मी ४० ग्रेड निवडेन. पुस्तिकेत केवळ ५डब्ल्यू-३० लिहिले असेल, तर मात्र तेच टाकावे, कारण त्या इंजिनच्या बेअरिंगमधली फट आणि ऑइल पंप त्याच पातळ ऑइलसाठी आखलेले असतात. पहिल्या आकड्याचा, म्हणजे थंडीतल्या प्रवाहाचा, मोठा लाभ हिमालयात आहे. खानदेशात डिसेंबरच्या पहाटेही १५डब्ल्यू ऑइल इंजिन सुरू होताना अडत नाही.

मिनरल आणि सिंथेटिक यांतला खरा फरक उष्णता सोसण्याचा आहे. सिंथेटिक ऑइल इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोच्या तप्त भागात लवकर करपत नाही, हवेशी संयोग होऊन घट्ट होण्याचा त्याचा वेग कमी असतो आणि म्हणून ते अधिक काळ टिकते. सेमी-सिंथेटिक या दोहोंच्या मध्ये आहे, पण त्यात सिंथेटिकचा वाटा किती हे डबा सांगत नाही, म्हणून त्याचाही निवाडा दर्जाच्या शिक्क्यावरच करावा.

उदाहरणापुरता हिशेब असा मांडू. इंजिनमध्ये ६ लिटर ऑइल बसते, मिनरल ३५० रुपये लिटर आणि सिंथेटिक ७०० रुपये लिटर आहे असे धरू. मिनरल १० हजार किलोमीटरला बदलले तर २० हजार किलोमीटरमध्ये ऑइलवर ४,२०० रुपये जातात; सिंथेटिक २० हजारांवर एकदाच बदलले तरी तेवढेच जातात, वाचतो तो एक ऑइल फिल्टर आणि एक मजुरी. म्हणजे सिंथेटिकचा पैसा फिटतो तो अंतर लांबवले तरच, आणि आपल्याकडची अडचण नेमकी तिथेच आहे. केळीच्या बागेत घड भरेपर्यंत इंजिन चालू ठेवले जाते, बाजार समितीच्या रांगेत ते चालू असते, आणि किलोमीटरचा काटा मात्र हलत नाही. एक तास उभ्याने चाललेले इंजिन ऑइलला थकवतेच. त्यामुळे अशा गाडीत कोणतेही ऑइल पुस्तिकेतील अंतराच्या आधीच बदलावे लागते आणि सिंथेटिकचा हिशेब बिघडतो.

बीएस-६ गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर आणखी एक धोका आहे. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते; पाच-सात किलोमीटरवर गाडी बंद केली तर हे काम अर्धवट राहते आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइल मोजायची काडी काढावी, पुसून पुन्हा घालावी आणि वाचावी. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेले असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर ‘ऑइल खात नाही, गाडी चांगली आहे’ असे समाधान मानू नये. ते ऑइल लगेच बदलावे, मग ते कितीही महाग असो. काडीवरचे ऑइल काळे दिसते म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात चांगले ऑइल काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते आणि म्हणूनच काळे पडते.

धुळीविषयी थांबून सांगितले पाहिजे, कारण आमच्या घरच्या पिकअपने तो धडा दिला. ऑइल चांगले होते, वेळेवर बदलले जात होते, तरी लाख किलोमीटरच्या आतच गाडी निळा धूर सोडू लागली. इंजिन उघडल्यावर लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, उभ्या बारीक रेघा दिसल्या. एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपखाली तडा गेला होता आणि गाडी धुण्याच्या वेळी कोणाच्याही तो लक्षात आला नव्हता. शेतरस्त्यांवरची बारीक माती त्या फटीतून थेट आत जात होती. त्या मातीपुढे ३५० रुपयांचे ऑइल आणि ७०० रुपयांचे ऑइल सारखेच असहाय असते. तेव्हापासून प्रत्येक ऑइल बदलताना मी ती नळी दोन्ही हातांनी वाकवून पाहतो, आणि एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याऐवजी नवा घेतो.

यावरून माझा सल्ला असा. बीएस-४ किंवा त्याआधीची पिकअप असेल, भार आणि फेऱ्या नेहमीच्या असतील, तर सीआय-४ प्लस किंवा सीके-४ दर्जाचे मिनरल १५डब्ल्यू-४० घ्यावे, ते वेळेआधी बदलावे आणि वाचलेला पैसा एअर फिल्टरवर घालावा. बीएस-६ गाडी असेल आणि ती धुळे-सुरत किंवा बऱ्हाणपूरकडे लांब पल्ल्याने सतत चालत असेल, तर पुस्तिकेतल्या दर्जाचे सिंथेटिक योग्य आहे. टर्बोला त्याचा उपयोग होतो आणि लांबवलेले अंतर अशा गाडीला खरोखर पेलते. बीएस-६ गाडी गावाभोवतीच फिरत असेल, तर दर्जा तोच ठेवून पुस्तिकेने मान्य केलेले स्वस्त ऑइल घ्यावे, ते लवकर बदलावे आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवावी. वॉरंटीतील गाडीचे बिल आणि ऑइलच्या डब्यावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा.

डबा सीलबंद आहे हे पाहून आपल्या समोरच उघडून घ्यावा, आणि रिकामा झाल्यावर त्याला स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडूनच गॅरेजमध्ये सोडावा, म्हणजे त्यात दुसरे ऑइल भरून तो पुन्हा विकला जाणार नाही. काढलेले काळे ऑइल शेताच्या बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.