सावंतवाडीचा बाइंडर आणि आयर्विनचे कागद

बाजारात एका झेरॉक्स दुकानाच्या मागच्या अंगाला हा बाइंडर बसतो. पाटीबिटी नाही, खळीचा वास हीच खूण. खळीत मोरचूद घालतो, त्यामुळे आपल्याकडच्या दमट हवेतही कसर लागत नाही.

मी शिरोड्याचा, निवृत्त मास्तर. आजोबा १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहात होते. व्हाइसरॉय आयर्विनचं नाव आमच्या घरात शिवीसारखं घेत. त्याचे कागद जमवायची खोड मला तिथूनच लागली. हाच माणूस पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, मग १९४१ ते १९४६ वॉशिंग्टनला राजदूत. कागदांचीही तीन घरं : हिंदुस्थानातला पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, परराष्ट्र खात्यातला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, घरगुती दप्तर यॉर्कला. माझ्याकडे याद्या आणि काही मजकुरांच्या छापील प्रती, ४१० पानं. म्हटलं, तारीखवार लावून एकच जाडं पुस्तक करा.

"सांगलीच्या पुलाचो आयर्विन तो ह्योच?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "गुरुजी, उद्या आणखी एक कागद गावलो तर खय घालतलात? सगळां उसवूक लावतलात?"

मला राग आला. पण बरोबर त्याचंच होतं. जिथले कागद तिथले, अशी तीन पुस्तकं केली आणि प्रत्येकात मागे कोऱ्या पट्ट्या शिवून ठेवल्या. नवा कागद आला की पट्टीला चिकटवायचा. दिवाळीनंतर दोन पत्रांच्या प्रती हाती आल्या, त्या घरीच बसवल्या.

काम चालू असताना तो वाचतो, हे मला आवडलं. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराचं पान त्याने उभ्याउभ्या वाचून घेतलं. मीठ तयार होतं त्या जागेलगतच्या गावांना घरापुरतं मीठ करावं, गावातच विकावं, बाहेर नाही, एवढीच मुभा. "म्हंजे शिरोड्याचां मीठ वाडीक इकूक बंदी?" म्हणत तो बराच वेळ हसत होता.

तक्रारी दोन. मे १९४० च्या युद्धमंत्रिमंडळाच्या इतिवृत्तात शिवण फार आत गेली. हॅलिफॅक्स इटलीमार्फत जर्मनीशी तहाची चाचपणी करू म्हणतो, चर्चिल अडवतो, नेमक्या त्या पानांवर ओळींची पहिली अक्षरं पुस्तकाच्या पोटात गेली. दुसरं, एका पाठीवर 'आयर्विन', दोनांवर 'हॅलिफॅक्स' असं छापलं. बायको विचारते, हा दुसरा कोण?

तिन्हींचे ७५० रुपये. चतुर्थीच्या आधी देऊ नका, मला तीन आठवडे थांबावं लागलं. आणि प्रिंट काढताना डावीकडे दीड इंच जागा सोडा.