'अनकॅनी एक्स-मेन' ऑम्निबस, खंड १ : काही महिने वाचल्यानंतर

'एक्स-मेन' या अमेरिकी सुपरहिरो टीमच्या जुन्या कॉमिक अंकांचा हा एकत्र जाड खंड. आधी व्यवहाराचं बोलतो. हे पुस्तक पडल्या पडल्या वाचायचं नाही. आठशेच्या वर पानं आणि जाड पुठ्ठा, छातीवर घेतलं तर दम लागतो. मी टेबलावर उशी टाकून त्यावर उघडतो. पानं गुळगुळीत आहेत, त्यामुळे ट्यूबलाइट डोक्यावर असली की चमक डोळ्यांत जाते.

आत १९७५चा 'जायंट-साइझ' अंक आणि मूळ मालिकेचे ९४ ते १३१ अंक आहेत. मूळ टीम १९६३ची, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची. पुढे खप घसरला आणि १९७० ते ७५ जुनेच अंक पुन्हा छापून मालिका कशीबशी तगवली गेली. मग लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांनी टीममध्ये देशोदेशींची माणसं आणली. केनियातून स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, सैबेरियातल्या सामूहिक शेतावरचा कोलोसस. कॅनडाचा वुल्व्हरीन वर्षभरापूर्वी 'हल्क'मध्ये येऊन गेलेला होताच. ९४व्या अंकापासून क्रिस क्लेरमाँटने लेखणी घेतली, ती १९९१पर्यंत खाली ठेवली नाही.

वेताळ आणि मँड्रेक वाचून वाढलेल्यांना नायक एकटा आणि अढळ असायची सवय असते. इथे टीममधला प्रत्येक जण कुठेतरी कच्चा आहे, आणि मला हे पुस्तक धरून ठेवतं ते त्यामुळेच. स्टॉर्मचंच घ्या. वादळं बोलावणारी, लोकांनी देवी मानलेली बाई. १०२व्या अंकात एका किल्ल्यात ऐन मारामारीत ती अंग आखडून बसते, कारण चारी बाजूंनी भिंती आहेत. लहानपणी कैरोत घरावर विमान कोसळलं आणि आईच्या प्रेताशेजारी ती ढिगाऱ्यात अडकून पडली होती, हे तेव्हा कळतं. पुढचे अंक वाचताना कुठलाही भुयारी प्रसंग आला की आपणच आधी तिच्याकडे बघतो.

टीममध्ये नव्यानेच आलेल्या थंडरबर्डचं तर त्याहून वाईट. आल्यापासून तिसऱ्याच अंकात, म्हणजे ९५मध्ये, तो पळून जाणाऱ्या खलनायकाच्या विमानावर चढतो, सगळे ओरडत असताना उतरत नाही, आणि स्फोटात संपतो. पुढच्या अंकात सायक्लॉप्स एकटाच रानात जाऊन डोळ्यांतल्या किरणांनी झाडं उडवत सुटतो. टीमच्या म्होरक्याला सुतक पाळताना मी तरी तोवर बघितलं नव्हतं.

१०८पासून चित्रं जॉन बर्नची, शाई टेरी ऑस्टिनची बहुतेक अंकांत. इथून प्रत्येक चौकट नेटकी होते आणि नुसता भांडकुदळ वाटणारा वुल्व्हरीन माणूस वाटायला लागतो. बर्न कॅनडात वाढलेला, त्याला या आपल्या माणसाबद्दल ममत्व असणारच!

आता तक्रार. क्लेरमाँट बोलतो फार. कोलोसस पोलादी होतोय हे चित्रात दिसत असतं, तरी तो ते तोंडानेही सांगतो, आणि दर अंकात सांगतो. स्टॉलवर कुठलाही अंक उचलणाऱ्या मुलासाठी ते लागत असेल, पण सलग तीन अंक वाचले की डोक्याला ताप होतो. रात्री एकच अंक, हे प्रमाण मला मानवलं.

दुसरी तक्रार मोठी आहे. किटी प्राइड ही नवी मुलगी १२९व्या अंकात येते, तिथूनच टीममधली जीन ग्रे 'डार्क फिनिक्स' होते ती गोष्ट वेग घेते, आणि खंड १३१वर थांबतो. त्या गोष्टीचा शेवट १३७मध्ये आहे. तेव्हा घ्यायचाच असेल तर दुसरा खंडही सोबतच मागवा, एकटा हा घेऊ नका.