रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट: स्वस्त, आखूड, सुरुवातीला जरा ताठर

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली बोल्ट-ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे करावा लागतो अशी रायफल) घेणाऱ्याने ही रायफल जरूर पाहावी. नळी 18 इंची, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत 12.5 इंच; लहान चणीच्या माणसाच्या खांद्याला नीट बसते. मात्र .308 काडतुसाऐवजी कमी धक्का देणाऱ्या .243 काडतुसाची घ्या. इतक्या हलक्या रायफलीत .308 चा धक्का नवख्याला झेपत नाही, चाप ओढतानाच डोळे मिटले जातात.

नवा बोल्ट उचलायला जड जातो. बोल्ट जागी अडकवणाऱ्या तीन लगांमुळे (उंचवट्यांमुळे) हँडल फक्त 70 अंश फिरतं आणि तेवढ्यातच फायरिंग पिनची स्प्रिंग दाबावी लागते. चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा), मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा, लगांच्या मागच्या बाजूला आणि कॉकिंग कॅमवर (बोल्ट उचलताना फायरिंग पिन मागे ढकलणाऱ्या उतारावर) ग्रीसचा पातळ थर द्या आणि शे-दोनशे वेळा बोल्ट चालवा. फरक हाताला कळतो.

पहिल्या गोळीआधी नळीतलं कारखान्याचं तेल बोल्टच्या बाजूने गज घालून पुसा. दर गोळीनंतर सफाईचा सोस नको; तीन-तीन गोळ्यांनी नळी थंड होऊ देणं जास्त महत्त्वाचं.

खरी उणीव दस्त्याची. प्लास्टिकचा पुढचा भाग लवतो. बायपॉडवर (पुढे लावायच्या दोन पायांच्या टेकूवर) रेललात की नळीला टेकतो आणि नेम सरकतो. त्यापेक्षा वाळूची पिशवी मॅगझिनच्या लगेच पुढे ठेवा.