यूव्ही मशीन चांगलं, पण विहिरीला विसरू नका

मालवण तालुक्यात आमचं घर, दारात विहीर आणि जोडीला निवास-न्याहारीच्या दोन खोल्या. दीड वर्षापूर्वी एका पाहुण्यांच्या पोराला जुलाब लागले. पाणी आमचंच होतं की वाटेतला वडापाव, देव जाणे. पण मला रात्रभर झोप लागली नाही. सासूबाईंचं एकच, "जल्मभर ह्याच बावीचा पाणी पितंव, आमका काय झाला?"

पहिल्यांदा घरी आला तो आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं मशीन विकणारा. दोन ग्लासांत पाणी घेऊन त्यात विजेच्या सळ्या बुडवल्या. आमच्या विहिरीचं पाणी तपकिरी झालं, त्याच्या आरओचं पांढरंच राहिलं. सासूबाईसुद्धा गप्प! नंतर कळलं, तो रंग सळ्यांच्याच लोखंडाचा. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. त्याच्याच मीटरवर आमचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 62 मिलिग्रॅम आला होता. पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चालतो. 62 च्या पाण्याला आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत कशाला सोडायचं? त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

मग पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिलं. जिवाणूंच्या तपासणीसाठी बाटली त्यांचीच, निर्जंतुक केलेली घ्यायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. अहवालात पीएच 6.1 (म्हणजे पाणी थोडं आम्लधर्मी), लोह लिटरला 1.4 मिलिग्रॅम आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, आहेत! ते 100 मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. आमचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम तीस फुटांवर आणि मधे जांभा, म्हणजे सगळी भोकंच.

मग यूव्ही मशीन, म्हणजे अतिनील उजेडाने जंतू मारणारं, 9,500 रुपयांना बसवलं, गाळणीसकट. पाण्याची चव बदलत नाही, आवाज नाही, पाणी वाया जात नाही. मला आवडलं. पण तीन महिन्यांत त्याचा दिवा लागायचा बंद झाला नाही, उजेड पाण्यापर्यंत पोचायचा बंद झाला. तंत्रज्ञाने दिव्याभोवतीची काचेची नळी काढून दाखवली: चहाच्या गाळणीवर बसतो तसा तांबूस थर. लोहाचा. यूव्ही लोह काढत नाही, आणि थर साचला की जंतूही मारत नाही. हे विकताना कोणीच बोललं नव्हतं.

तेव्हा टीसीएलकडे, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरकडे वळले. विहीर दहा फूट रुंद, पाणी दहा फूट, म्हणजे साधारण 22,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने 55 ग्रॅम. बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी ओतून ढवळायचं, दहा मिनिटं पावडरीतला चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडून हलवायची. चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही. रात्री केलं. सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं! लोह क्लोरीनला भिडलं होतं. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणारे ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले तर पिवळा रंगच नाही. सगळं क्लोरीन लोहानेच खाल्लं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेवढंच टाकलं, तेव्हा कुठे फिकट पिवळं दिसलं. टाकीला वाळूची गाळणी लावली, त्यात ते तांबूस अडकतं. नळी आता सहा महिन्यांनी काढून पुसते, बहुतेक वेळा स्वच्छच असते.

जूनमध्ये मात्र मशीनचा भरवसा नाही. पहिल्या पावसात पाणी गढूळ आणि वीज दिवसातून चारदा जाते. वीज नाही तेव्हा पाणी येत नाही, ही मशीनची अक्कल चांगली. पण मग पाहुण्यांना उकळूनच द्यावं लागतं. आणि यूव्हीचं पाणी हंड्यात भरून दोन दिवस ठेवलं तर त्याला राखण नाही. क्लोरीन मागे थोडं उरतं, उजेड उरत नाही.

मशीनला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण सासूबाईंनी कापला, "पाण्याक दवाखान्याचो वास येता" म्हणून. तो वास टीसीएलचा आहे, मशीनचा नाही, पण ते त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या तपासणीत ई. कोलाय आले नाहीत. पीएच मात्र जवळपास तसाच, नळांच्या पितळेवर हिरवट डाग येतातच.

शोषखड्डा लांब नेण्याचं काम अजून राहिलंय. मे महिन्यात विहिरीतला गाळ काढायचाय, उतरणारा माणूस मिळाला तर.